पावती म्हंजे प्रवेश न्हवं

साळवेकाकांना कुणाला पत्र पाठवायचं असलं की ते आधी स्वतःलाच एक पोस्टकार्ड टाकत. मजकूर ठरलेला: "उत्तम साळवे यांस, पेटी चालू आहे. आपला, उत्तम साळवे." ते कार्ड सावेडीच्या नाक्यावरच्या पेटीतून निघून, मोठ्या पोस्टात शिक्के खाऊन, पोस्टमनच्या पिशवीतून त्यांच्या स्वतःच्या उंबऱ्यावर येऊन पडलं, की मग खरं पत्र त्याच पेटीत पडायचं. मेव्हणीच्या बाळंतपणाची चौकशी करणारं त्यांचं पत्र बारसं उरकल्यावर पोचलं. "उशीर झाला की हो काका," असं मी म्हणालो, तर म्हणाले, "उशीर झाला, पर गहाळ तर न्हाई झालं ना?"

असा माणूस जगात एकट्याने हिंडत असता तर कुणाची तक्रार नव्हती. पण तो आमच्या कंपनीत होता, आणि माझ्या कामावर लक्ष ठेवायला होता.

कंपनी म्हणजे नगरमध्ये, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर सहा संगणक, एक मोडेम आणि जाधवसाहेब. थंड हवेचं यंत्र होतं ते संगणकांसाठी, माणसांना पंखा. नव्वदचं दशक संपत आलं होतं, इंटरनेट नावाचं काहीतरी शहरात येऊन पोचलं होतं, आणि जिल्ह्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या मनाने घेतलं होतं की नर्सिंगच्या प्रवेशाचे अर्ज यापुढे इंटरनेटवरून भरायचे. प्रत्येक तालुक्याच्या गावी एक केंद्र, तिथे एक संगणक आणि एक ऑपरेटर. मुलीने तिथे जायचं, अर्ज भरायचा, पावती घ्यायची. पुढे छाननी, गुणवत्ता यादी, प्रवेशपत्र, सगळं त्याच वेबसाइटवर. ती वेबसाइट बनवणारा थोर संगणकतज्ज्ञ मी होतो. वय सव्वीस, पुण्याची पदवी, आणि स्वतःविषयी मत फारच चांगलं.

साळवेकाका मूळचे मिरजगावचे. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पंपाच्या कारखान्यात त्यांनी वीस वर्षं तपासणी खात्यात काढली. कारखाना बंद पडल्यावर माणसं दुकान टाकतात, जीप घेतात. यांनी चाळिशी उलटल्यावर संगणकाचा वर्ग लावला, आणि मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या शेजारी बसून पहिला नंबर काढला. जाधवसाहेबांनी त्यांना 'टेस्टर' म्हणून घेतलं, कारण त्या कामाला दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. त्या काळी टेस्टिंग म्हणजे काय, तर वेबसाइट उघडायची, संस्थेचं बोधचिन्ह दिसतंय का बघायचं, "दिसतंय" म्हणायचं आणि चहा सांगायचा.

पहिल्याच दिवशी मी त्यांना माझा अर्जाचा फॉर्म दाखवला. सगळे रकाने भरले, बटण दाबलं, प्रिंटरमधून सुबक पावती बाहेर आली. मी कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. काकांनी पावती उजेडात धरली, उलटी करून बघितली आणि म्हणाले, "पाठकसायेब, पावती म्हंजे प्रवेश न्हवं."

हे वाक्य पुढच्या चार महिन्यांत मी इतक्या वेळा ऐकलं की मला ते स्वप्नात पाठ म्हणता आलं असतं. गॅसचा नंबर लावला की काका पावती खिशात घालून गोडाऊनपर्यंत जात आणि आपली टाकी गाडीत चढताना बघत. आईला एस्टीने गावी पाठवायचं असलं तर आदल्या आठवड्यात त्याच गाडीने स्वतः मिरजगावला जाऊन येत, बोर्डावर लिहिलंय तिथेच ती जाते ना याची खात्री करायला. हॉटेलात "दोन कटिंग" असं सांगून गप्प बसणं त्यांना जमायचं नाही. चहा किटलीतून पेल्यात आणि पेला टेबलावर येईपर्यंत त्यांची मान त्याच्याबरोबर फिरायची.

तर या माणसाने वेबसाइट हाताने तपासायला नकार दिला. "मानूस कटाळतो," ते म्हणाले. "कारखान्यात बघितलंय मी. सकाळचा पंप आन् संध्याकाळचा पंप एकच मानूस तपासत न्हाई, दिसायला एकच असतो." मग त्यांनी दीड महिना खपून व्हिज्युअल बेसिकमध्ये एक प्रोग्राम लिहिला. तो चालू केला की ब्राउझर आपोआप उघडायचा, रकाने आपोआप भरले जायचे, बटणं आपोआप दाबली जायची, पानामागून पान उलटायचं, आणि शेवटी हिरवी किंवा लाल अक्षरं उमटायची. खुर्चीत कुणी नाही आणि पडद्यावर अर्ज भरला जातोय, हे बघून आमच्या शिपायाने आठवडाभर त्या टेबलावर फडका मारला नाही. चालू असताना माउसला बोट लावायची कुणाला परवानगी नव्हती. "हात लागला की ती तपासनी न्हाई. ती मग शिकवनी," हा कायदा.

कायदे आणखीही होते. काकांच्या तपासण्या मोजून तीनच होत्या, पण प्रत्येक तपासणी अर्जापासून निघायची ती प्रवेशपत्रावर जाऊनच थांबायची. मी म्हणालो, "काका, पानंपानं वेगळी तपासा ना. अर्जाचं पान बरोबर, छाननीचं बरोबर, यादीचं बरोबर. संपलं." काका म्हणाले, "ते तुमी तपासा. तुमची पानं हायेत. मी पोरगी तपासतो. ती हिकडनं निगाली तर तिकडं पोचती का, एवडंच माजं काम."

प्रत्येक तपासणीने आपली पोरगी आपण आणायची आणि जाताना तिचा मागमूस पुसून जायचं, हा दुसरा कायदा. आधीच्या तपासणीत भरलेला अर्ज पुढच्या तपासणीला वापरावा, तेवढाच वेळ वाचेल, असं मी एकदा सुचवलं. "उष्टं," एवढंच म्हणाले, आणि तोंड असं केलं की मला माझ्या बुद्धीपेक्षा माझ्या संस्कारांची लाज वाटावी.

एकदा त्यांची तपासणी अधूनमधून लाल व्हायला लागली. मोडेम रडतखडत चालायचा, पान यायला कधी दहा सेकंद, कधी चाळीस. मी उदार मनाने सल्ला दिला की प्रत्येक ठिकाणी सरळ एक मिनिट थांबायला सांगा. काकांनी माझ्याकडे बघितलं. "तुमी स्टँडवर घड्याळ बघून एस्टीत चडता का? दहा वाजले म्हून पाय उचलला आन् गाडी न्हाई, तर पडाल ना फलाटाखाली. गाडी दिसली की उटायचं. घटकाभर न्हाईच आली तर मग वरडायचं." त्यांनी तसंच केलं. पानावरची हवी ती गोष्ट दिसेपर्यंतच प्रोग्राम थांबायचा. फार वेळ न दिसली तर काय दिसलं नाही ते नाव घेऊन सांगायचा. ते सहा ओळींत बसलं आणि मला ते आधी सुचलं नव्हतं, म्हणून मी ते फालतू ठरवलं.

मग वास्तूचं प्रकरण झालं. जाधवसाहेबांच्या वास्तुतज्ज्ञाने सांगितलं की 'पुढे' हे बटण पडद्याच्या ईशान्येला पाहिजे. पडद्याची ईशान्य कुठली हे मी विचारलं नाही, पोटाचा प्रश्न होता. बटण उचलून उजव्या कोपऱ्यात वर नेलं आणि मनात म्हटलं, आता काकांचा प्रोग्राम बोंबलणार. तो बोंबलला नाही. काकांनी बटणाची जागा कुठेच लिहिली नव्हती. नाव लिहिलं होतं, आणि तेही एकाच ठिकाणी, एका वेगळ्या फाइलीत. "मानसाला नावानं हाक मारावी," ते म्हणाले. "'ए, उजवीकडनं तिसरा' अशी हाक आमी लई ऐकली." 

त्या तीन तपासण्यांतली पहिली, रोज सकाळी दहाला सुटणारी, होती सुमनची. सुमन बाबुराव साळवे, मुक्काम पोस्ट मिरजगाव, तालुका कर्जत. ती रोज अर्ज भरायची, पावती घ्यायची, छाननीतून सुटायची, यादीत यायची आणि प्रवेशपत्र मिळवायची. तिचं नाव यादीत आलं की काका चहा सांगायचे, आणि पेला संपेपर्यंत त्या यादीकडे बघत बसायचे. सावकाश प्यायचे. त्या पाव तासात जाधवसाहेबांनी हाक मारली तरी उठायचे नाहीत. आम्ही त्याला 'आरती' म्हणायचो. एकदा मी फुलपुडी आणून त्यांच्या टेबलावर ठेवली, सगळे हसले. काकाही हसले आणि फुलं मात्र घरी घेऊन गेले.

तिची जन्मतारीख त्यांनी लिहिलीच नव्हती. आजच्या तारखेतून अठरा वर्षं वजा, असं लिहिलं होतं. त्यामुळे सुमन रोज सकाळी बरोबर अठरा वर्षांची असायची. ही युक्ती मला आवडली, तसं मी म्हणालोही. "वयाची अट हाय ना," काका म्हणाले. "तारीक लिवली तर तिचं वय वाढंल. आन् वाढलं की बाद." तांत्रिकदृष्ट्या अगदी बिनतोड होतं.

उद्घाटनाचा दिवस ठरला. पत्रिका छापून झाल्या. मुंबईहून कुणी मोठे पाहुणे येऊन माउसची कळ दाबणार होते. संस्थेला एक कागद हवा होता: 'वेबसाइट पूर्ण तपासली', खाली तपासनिसाची सही. कार्यक्रमाला दोन दिवस उरले तरी काका सही करत नव्हते. जाधवसाहेब आधी प्रेमाने बोलले, मग साहेबासारखे बोलले, मग मला पुढे केलं.

"काका," मी म्हणालो, "तुमची सुमन दोन महिने रोज पास होतीय. आता आणखी काय तिला पीएच.डी. द्यायची का?"

"पाठकसायेब," काका म्हणाले, "आमच्या गावची पोरगी एकटी कर्जतला अर्ज भराया जाईल व्हय? तिची आई लावून दील? दोगी-तिगी जात्यात, एका गाडीनं. मला सुमनसंगं एक मैत्रीन द्यायची हाय. मग करतो सही."

मैत्रिणीचं नाव शकुंतला. तीही मिरजगावची. फोनच्या रकान्यात काकांनी दोघींना एकच नंबर दिला, वेशीजवळच्या एस.टी.डी. बूथचा, पुढे पी.पी. लिहून. गावात फोन असतात चार. ज्याच्या घरी नाही तो बूथवाल्याचा किंवा शेजाऱ्याचा नंबर देतो आणि पुढे पी.पी. लिहितो, म्हणजे फोन आला की तिथला कुणीतरी त्या माणसाला बोलावून आणणार. हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. मलाही होतं, फक्त वेबसाइट बनवताना आठवलं नव्हतं.

प्रोग्राम सुटला. सुमनचा अर्ज, सुमनची पावती. शकुंतलाचा अर्ज, शकुंतलाची पावती. छाननी. मग यादी, आणि लाल अक्षरं: 'सुमन बाबुराव साळवे दिसली नाही.'

काका खुर्चीतून अर्धवट उठले. यादीत शकुंतला होती. सुमन नव्हती. त्यांनी तपासणी पुन्हा सोडली. पुन्हा शकुंतला. तिसऱ्यांदा सोडली, तिसऱ्यांदाही शकुंतलाच.

"तुमच्याच प्रोग्राममध्ये काहीतरी असेल," मी म्हणालो. आणि प्रिंटरमधला कागद उचलून त्यांच्यापुढे नाचवला. "ही बघा ना, तिची पावती आलीय की व्यवस्थित!"

 काकांनी शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं आणि प्लास्टिकमध्ये घातलेला एक पिवळा पडलेला चिटोरा माझ्या हातातल्या पावतीशेजारी धरला. एका नर्सिंग शाळेची पोच. अर्ज मिळाला. नाव, सुमन बाबुराव साळवे. शिक्का जांभळा, अजून वाचता येण्याजोगा.

"बहीन माजी," काका म्हणाले. "धाकटी. मीच आनलं हुतं तिला नगरला, अर्ज द्यायला. खिडकीवर अर्ज घेतला, ही पावती दिली. ती म्हनली, दादा, आत जाऊन एकदा इचारू का, पोचला का म्हून? मी म्हनलो, अगं पावती मिळाली, झालं काम. चल, रस पाजतो तुला." त्यांनी प्लास्टिकवरून अंगठा फिरवला. "यादीत नावच न्हाई आलं. पयल्या टेबलावर गेलो, ते म्हनले आमच्याकडनं पुडं गेला. दुसऱ्या टेबलावर गेलो, ते म्हनले आमच्याकडं आलाच न्हाई. दोगंबी खरंच बोलत हुते, पाठकसायेब. ज्याचं त्याचं टेबल चोख. पुडच्या साली वय बसंना. बाबांनी लगीन लावून दिलं. आता कोयता घेऊन उसाच्या फडात असती, दर साल सहा महिनं. पोरांची दुखनीखुपनी तीच बघती तिथं, कोपीवर, पाचटाच्या झोपडीत."

माझ्या हातात ती ताजी पावती होती आणि ती कुठे ठेवावी मला कळेना.

चूक माझी होती. शोधायला मला दहा मिनिटं लागली, कारण कुठे असेल हे मला लाल अक्षरं बघतानाच कळलं होतं. काकांच्या प्रोग्रामला नावं ठेवली ती नुसती बडबड होती. प्रत्येक अर्जदाराची ओळख म्हणून मी फोन नंबर धरला होता. दोन माणसांचा फोन एकच कसा असेल, असा माझा बिनतोड विचार. माझ्या घरी फोन होता ना. त्याच नंबरावरून दुसरा अर्ज आला की वेबसाइट त्याला पहिल्याची दुरुस्ती समजायची, आणि पहिल्या मुलीला काढून दुसरीला तिच्या जागी बसवायची. पावती मात्र दोघींना द्यायची, सुबक. माझं प्रत्येक पान चोख होतं. जिल्ह्यातल्या निम्म्या खेड्यांतल्या मुली मी पावतीसकट गहाळ करणार होतो, आणि त्याचं उद्घाटन मुंबईच्या पाहुण्यांच्या हस्ते होतं.

मला लाज वाटली. हे विनोदाच्या लेखात लिहायचं नसतं, पण वाटली.

प्रत्येक अर्जाला स्वतःचा क्रमांक दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी तपासणी सोडली. यादीत शकुंतला आली आणि तिच्या वरच्या ओळीत सुमन आली. काकांनी त्याच एस.टी.डी. बूथच्या नंबरावर मग आणखी दोघींचे अर्ज पाठवले, त्याही आल्या. तेव्हा त्यांनी पेनचं टोपण काढलं, आणि सही कागदावर नीट उमटली का ते उजेडात धरून बघितलं.

उद्घाटन थाटात झालं. पाहुण्यांनी कळ दाबली त्याच क्षणी मोडेमने मान टाकली, आणि मी आधीच काढून ठेवलेलं वेबसाइटचं चित्र पडद्यावर लावलं. टाळ्या पडल्या. काका मागच्या रांगेतून उठून माझ्याजवळ आले आणि कानात म्हणाले, "टाळ्या म्हंजेबी पावतीच."

प्रवेशाचे दिवस सुरू झाले. पहिली यादी लागली तेव्हा मी गुपचूप एक काम केलं, फोन नंबरावरून यादी लावून बघितली. कर्जत केंद्रावरून एकाच नंबरावर सात मुली होत्या. सातही यादीत होत्या. मी ते कुणाला सांगितलं नाही, काकांनाही नाही. त्यांनी ते माझ्या आधी बघितलं असणार.

त्यानंतर महिनाभराने काका दोन दिवस रजेवर गेले. फडावरून बहीण गावी आली होती. जाताना मला बजावून गेले, सकाळी दहाला तपासण्या सोडायच्या, माउसला हात लावायचा नाही. मी सोडल्या. सगळं हिरवं. प्रोग्रामने जाता जाता आपल्या पोरी पुसल्या. शकुंतला गेली, बाकीच्या गेल्या. यादी बघतो तर सुमन तशीच. बसलेली.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. साळवेकाकांच्या प्रोग्राममध्ये चूक! आपला मागमूस आपण पुसायचा म्हणणाऱ्या माणसाची पोरगी मागे राहिली होती, आणि ती मी पकडली होती. मी त्यांची फाइल उघडली. पुसायच्या नावांची यादी शेवटी होती. तिच्यात सगळ्या होत्या, एक सुमन सोडून. तिच्या जागी रोमन अक्षरांत मराठी ओळ लिहिलेली होती, प्रोग्रामला नव्हे, स्वतःसाठी:

'हिला हाताने काढायचे. चहा झाल्यावर.'

मी फाइल बंद केली. यादी पुन्हा उघडली. सुमन बाबुराव साळवे, मिरजगाव, वय अठरा, प्रवेश मंजूर.

शिपायाला चहा सांगितला. चहा आला, पेल्यावर साय धरली, गार झाला. जाधवसाहेबांनी दोनदा हाक मारली. मी तो पेला बराच वेळ तोंडाला लावला नाही.